तापट स्वभाव आणि न लागलेले वळण

जमातीच्या कार्यालयात बसून नवरा-बायकोची भांडणे ऐकण्याचे काम आमच्याकडे कसे आले, ते आता नीटसे आठवत नाही. आम्ही काझी नाही, वकील नाही, आलिम तर नाहीच. शाळेत शिकवण्यात हयात गेली. चार ओळी सुवाच्य लिहिता येतात आणि गावात कुणाशी सोयरीक नाही, एवढ्या भांडवलावर मोहल्ल्याने आम्हाला मध्यस्थ ठरवले. इशाच्या नमाजनंतर बैठक बसते. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बोलतात, आम्ही ऐकतो, आणि शेवटी जे काही ठरेल त्याचा कागद आमच्या अक्षरात लिहिला जातो.

अशाच एका बैठकीची गोष्ट आहे. मुलाचा दोन टेम्पोंचा धंदा, मुलगी डी.एड. झालेली. लग्नाला चौदा महिने झाले होते. मुलीचे म्हणणे एवढेच की, तो जेवणाचे ताट भिरकावतो आणि दोनदा हात उचलला आहे. मुलाच्या बाजूने त्याचे चाचा बोलले. वयस्कर, हाजी, गावात शब्दाला मान असलेले गृहस्थ. म्हणाले, “मास्तर, पोरगा मनानं वाईट नाही. स्वभाव तेवढा तापट आहे. त्याचा बापही तसाच होता.” मग मुलीकडे न बघता म्हणाले, “पण हिला उलट बोलायची खोड आहे. आईनं वळणच लावलं नाही.” बैठकीत माना हलल्या. आमचीही हलली. तासाभरात ठरले की, मुलीने खुला घ्यावा आणि मेहरची रक्कम सोडून द्यावी. कागद आम्ही लिहिला. त्यावर आमची सही आहे.

तीन वर्षांनी त्याच मुलाची दुसरी बायको त्याच सतरंजीवर येऊन बसली. तेच चाचा, तेच बोलणे. या मुलीची आई ती लहान असतानाच वारली होती. म्हणून या खेपेस वळण लावले नाही ते नानीने! त्या रात्री घरी आल्यावर आम्ही जुना कागद काढून पाहिला. आमच्याच अक्षरात लिहिले होते: ‘मुलाचा स्वभाव तापट असून मुलीस योग्य वळण नसल्याने उभयतांचे पटत नाही.’ वाक्य वाचायला समतोल वाटते. दोघांनाही थोडे थोडे दिले आहे. पण ते समतोल नाही, हे कळायला आम्हाला तीन वर्षे आणि आणखी एका मुलीचा संसार लागला.

पाहा, राग दोघांनाही येत होता. तो ताट फेकत होता, ती तोंडाने बोलत होती. त्याच्या रागाला आम्ही ‘स्वभाव’ म्हटले आणि तिच्या रागाला ‘वळण’. स्वभाव म्हणजे उंचीसारखा, रंगासारखा; अल्लाने दिला, त्याला माणूस काय करणार? वळण म्हणजे लावलेले, किंवा लावायचे राहून गेलेले. त्यात कुणाची तरी चूक असतेच, आणि ती चूक तिच्या माहेराची. एकाच गोष्टीला दोन शब्द लावले की दोष आपोआप एका बाजूला सरकतो, आणि दोषामागून पैसाही सरकतो. कारण हनफी फिकहमध्ये असे म्हटले आहे की, बिघाड नवऱ्याच्या बाजूने असेल तर खुलाच्या बदल्यात बायकोकडून काही घेणे त्याला मकरूह आहे. म्हणजे त्या रात्री आम्ही ‘वळण’ हा शब्द लिहिला नसता, तर मेहर सोडून दे असे त्या मुलीला सांगायला बैठकीत कुणाची जीभ रेटली नसती.

आता चाचांची बाजूही घेऊन पाहू. स्वभाव खरोखरच जन्माचा असतो की काय? मानसशास्त्राचे लोक याच्या मागे पुष्कळ वर्षे लागलेले आहेत. अमेरिकेत १९३० च्या दशकात लग्न ठरलेली तीनशे जोडपी निवडून केली आणि कॉनली या अभ्यासकांनी त्यांची हकीकत १९८० पर्यंत गोळा केली आणि १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुरुवातीलाच या मुलामुलींच्या ओळखीच्या माणसांना त्यांचे स्वभाव विचारून ठेवलेले होते. पुढे कुणाचे लग्न मोडले आणि कुणाचे टिकले, याच्याशी तीन गोष्टींचा संबंध ठळक दिसला: नवऱ्याचा अस्वस्थ, चटकन बिनसणारा स्वभाव, बायकोचा तसाच स्वभाव, आणि नवऱ्याला स्वतःला आवर घालता न येणे. २००७ मध्ये रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. घटस्फोटाशी माणसाच्या स्वभावाचा संबंध त्याच्या घरच्या सांपत्तिक-सामाजिक स्थितीच्या संबंधापेक्षा अधिक भरला. आणि २०१८ मध्ये स्वीडनमधल्या दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदींवरून असे दिसले की, घटस्फोटाच्या बाबतीत ही मुले वाढवणाऱ्या आई-वडिलांपेक्षा जन्म देणाऱ्या आई-वडिलांच्या वळणावर जातात. चाचांना हे कुणी वाचून दाखवले असते तर ते खूश झाले असते. “त्याचा बापही तसाच होता,” हे त्यांचे म्हणणे म्हणजे अगदीच अडाणी बोलणे नव्हते.

पण या अभ्यासांत एक गोष्ट आहे, तिच्याकडे चाचांनी पाहिले नसते. चटकन बिनसणारा स्वभाव तिथे नवऱ्याचाही मोजला आहे आणि बायकोचाही. एकाला स्वभाव आणि दुसरीला वळण अशी वाटणी तिथे कुणी केलेली नाही.

आणि दुसरे असे की, स्वभाव जन्माचा आहे असे मानले, तरी तो माफ कसा होतो? त्याच टेम्पोवाल्याला आम्ही रस्त्यावर पाहिले आहे. नाक्यावर हवालदाराने गाडी अडवली, कागद मागितले, वर दोन शिव्याही दिल्या. हा खाली उतरून हात जोडून उभा! व्यापाऱ्याने भाडे महिनाभर थकवले तरी याचा आवाज चढत नाही. जो राग बाहेर दिवसभर आवरता येतो, तो घरचा उंबरा ओलांडताच आवरेनासा होतो, हा कसला जन्मजात स्वभाव? पलीकडच्या माणसाचे वजन बघून तो चढतो आणि उतरतो. ज्याच्यावर काढला तर आपले काही बिघडत नाही, त्याच्यावरच तो निघतो. कुस्तीत दुसऱ्याला चीत करतो तो बलवान नव्हे, रागात स्वतःला सावरतो तो बलवान, अशा अर्थाची हदीस आपल्या प्रत्येक मकतबमध्ये मुलांकडून पाठ करून घेतली जाते. राग हा सावरण्याचा विषय आहे, सांगून मोकळे होण्याचा नव्हे, हे त्यात आलेच.

फुकहांनीही रागाचा विचार केलेला आहे. रागाच्या भरात दिलेला तलाक लागू होतो की नाही, यावर इब्न कय्यिम यांनी रागाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सुरुवातीचा राग, ज्यात माणूस शुद्धीवर असतो. टोकाचा राग, ज्यात आपण काय बोललो हेच त्याला कळत नाही. आणि या दोहोंमधला. पहिल्यात तलाक पडतो, दुसऱ्यात पडत नाही, मधल्याबद्दल मतभेद. चर्चा बारकाईची आहे, आणि तिच्यामुळे अनेक संसार वाचलेही असतील. मात्र ती सगळी नवऱ्याच्या रागाची चर्चा आहे. बायको रागात काय बोलली, आणि तेव्हा ती कोणत्या पायरीवर होती, याची कुणी मोजदाद ठेवली नाही. ठेवायचे कारणही नव्हते. तिच्या बोलण्याने निकाह तुटत नव्हता.

आता खानदानाकडे येऊ. आपल्याकडे रिश्ता पाहताना पहिला प्रश्न असतो, “लोक कोण?” बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, मुलाणी, पिंजारी, इस्लाममध्ये जात नाही असे म्हणत म्हणत आपण बिरादरी सोडून बाहेर पडत नाही. फिकहमध्ये याला ‘कुफू’चा आधार मिळतो. हनफी ग्रंथकारांनी जोड बरोबरीची आहे का, हे पाहताना वंश, धंदा, मालमत्ता, दीनदारी अशा गोष्टी धरल्या. इमाम मालिक यांनी मुख्य भर दीनदारीवर दिला. आपण सोयीने पहिली यादी उचलली आणि तिच्यातली शेवटची बाब गाळली.

खानदानाचा, परिस्थितीचा परिणाम होत नाही असे आमचे म्हणणे नाही. होतो, आणि कधी कधी फार क्षुल्लक जागी होतो. कोकणातली मुलगी देशावर दिली. तिकडे शाफई, इकडे हनफी. नमाजमध्ये ती रुकूला जाताना हात उचलते. सासू म्हणते, हे काय नवीन? तिच्या घरी तांदळाची भाकरी आणि मासळी, इथे ज्वारी आणि मटणाचा रस्सा. ती घरात कोकणी बोलते, हे लोक दखनी. पहिल्या सहा महिन्यांत ती गप्प बसते, तर ‘घुमी’ म्हणून तिचे नाव पडते. बघा, भाषेची अडचण होती आणि ठरला मात्र स्वभाव! उलट, नवरा कुवेतला किंवा दुबईला, दोन वर्षांतून दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांत तो पाहुण्यासारखा वागतो आणि हुकूम मात्र घरधन्यासारखे सोडतो. त्यात त्याचा स्वभाव किती आणि नोकरी किती? मोजायला गेले तर दोन्ही एकमेकांत इतके कालवलेले असतात की, पिठातून पाणी वेगळे काढावे तसे होते.

शिक्षणाने हे सुटते असे आम्हीही एके काळी मानत होतो. इंदूरच्या शाहबानो प्रकरणातला नवरा वकील होता. १९३२ मध्ये निकाह, पाच मुले, १९७५ मध्ये बायको घराबाहेर आणि १९७८ मध्ये तलाक. कायदा शिकलेल्या माणसाने त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर कायद्यातली सर्वांत सोपी वाट धरली. सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल आणि त्यामागून आलेला १९८६ चा कायदा यांवर आपल्या समाजात इतके बोलले गेले की, मूळ संसाराचे काय झाले होते, हे विचारायचेच राहिले.

पाश्चात्त्य अभ्यासांत स्वभावाचा संबंध परिस्थितीपेक्षा जास्त भरतो, तो इथे तसाच भरेल का, याची आम्हाला शंका आहे. स्वीडनमधल्या बाईला नवरा सोडला तर राहायला घर, हाताला काम आणि पाठीशी सरकार आहे. तिथे लग्न टिकणे-मोडणे बरेचसे माणसांच्या स्वभावावर येऊन ठेपते. आपल्याकडच्या बाईला परत जायला माहेरात खोली नसेल, तर तिचा स्वभाव कसाही असो, ती जात नाही. लग्न टिकते; संसार टिकतो असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसे सुमारे तेरा लाख साठ हजार होती, आणि घटस्फोट न होता विभक्त राहणारी त्यांच्या जवळजवळ तिप्पट. ही सर्व धर्मांची मिळून गणती आहे. परित्यक्ता हा शब्द महाराष्ट्रात रुळला तो असाच. ‘आमच्यात तलाक फार होत नाहीत’ असे छाती काढून सांगणाऱ्यांनी मोहल्ल्यातल्या या दुसऱ्या रांगेतही एकदा नजर टाकावी.

मग स्वभाव पाहावा की परिस्थिती? फातिमा बिन्ते कैस यांची हकीकत सहीह मुस्लिममध्ये आहे. त्या कुरैशी घराण्यातल्या. त्यांचा तलाक झाला, इद्दत संपली, आणि मुआविया व अबू जहम या दोघांकडून मागणी आली. त्यांनी प्रेषित मुहंमद (स.) यांचा सल्ला विचारला. सल्ला स्पष्ट मिळाला: अबू जहम खांद्यावरची काठी खाली ठेवत नाहीत, आणि मुआविया यांच्याजवळ काही नाही, तू उसामा बिन जैदशी निकाह कर. काठीचा अर्थ काही जण सततचा प्रवास असा करतात, पण बायकांना मारणे हा अर्थही तितकाच जुना आहे. उसामा हे मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र. फातिमांना आधी ते रुचले नाही. नंतर त्यांनी निकाह केला आणि त्यात आपले भलेच झाले असे त्या सांगत.

या एका हकीकतीत स्वभावही आहे, गरिबीही आहे आणि वंशही आहे. एकाचा स्वभाव सांगितला, दुसऱ्याची परिस्थिती सांगितली, आणि ज्या गोष्टीसाठी आपण जीव टाकतो तो वंश मात्र बाजूला ठेवला. आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. काठीची गोष्ट निकाहच्या आधी सांगितली गेली, आणि जिला नांदायचे होते तिला सांगितली गेली. आपल्याकडे त्या टेम्पोवाल्याचा स्वभाव तापट आहे, हे अर्ध्या मोहल्ल्याला ठाऊक होते. मुलीचे वडील चौकशीला आले तेव्हा सगळ्यांनी सांगितले, “लोक चांगले आहेत, घर स्वतःचं आहे, धंदा बरकतीत आहे.” त्याच्या रागाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुणाच्या पोराची सोयरीक मोडायची, हे पाप कोण पत्करणार? आम्हालाही विचारले होते. आम्हीही घराबद्दल सांगितले. लग्नाआधी जो स्वभाव झाकायचा, तोच लग्न मोडताना सबब म्हणून बाहेर काढायचा, असा हा आपला व्यवहार आहे, आणि त्यात आम्ही साक्षीदारही होतो, पंचही होतो.

सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत नवरा-बायकोत बिघाड होण्याची भीती वाटली, तर एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमायला सांगितले आहे. घरचाच का? तो दोघांनाही लहानपणापासून ओळखतो म्हणून. स्वभाव आणि परिस्थिती यांतले काय कुठून आले, हे त्याच्याइतके बाहेरच्याला कळणार नाही. चाचांना त्यांच्या पुतण्याची सगळी हकीकत माहीत होती. पण ते पंच म्हणून आलेच नाहीत, वकील म्हणून आले.

कोर्टांनीही ही आयत उचलून धरली आहे. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दगडू पठाण प्रकरणात आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात सांगितले की, तलाकला सबळ कारण हवे आणि त्याआधी दोन पंचांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा. २०१७ मध्ये शायराबानो प्रकरणात एका दमातला तीन तलाक रद्द ठरला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी ज्या सात बायका मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या, त्यांच्यापासून हिशेब केला तर एकावन्न वर्षे लागली. तुरुंगाची तरतूद असावी की नसावी यावर आमच्या मित्रांत अजूनही वाद होतात; तो वेगळा लेख होईल.

एक पेच मात्र उरतो. तलाकला कारण हवे हे खरे. पण प्रत्येक मोडलेल्या लग्नात एक गुन्हेगार हवाच, असे आहे का? साबित बिन कैस यांची बायको प्रेषितांकडे आली आणि म्हणाली की, नवऱ्याच्या चारित्र्यात किंवा दीनमध्ये मला खोट काढायची नाही, पण मला त्यांच्याजवळ राहवत नाही. मेहरमध्ये मिळालेली बाग परत देतेस का, एवढेच तिला विचारले गेले. ती हो म्हणाली आणि प्रकरण संपले. बरीरा गुलामीतून मोकळी झाली, तेव्हा तिने नवऱ्यापासून वेगळे होणे पसंत केले. तो मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरायचा. प्रेषितांनी तिच्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. तिने विचारले, हा हुकूम आहे का? नाही, केवळ शिफारस आहे, असे उत्तर आले. मग मला त्याची गरज नाही, असे ती म्हणाली. तिच्या आई-नानीला कुणी मध्ये आणले नाही, आणि मुगीसमध्ये काय वाईट आहे ते सिद्ध कर, असेही कुणी म्हटले नाही.

यावर कुणी म्हणेल, मग नवऱ्यालाही विनाकारण सोडायची मुभा द्या. आम्हाला ते पटत नाही. ज्याच्या एका शब्दाने दुसऱ्याचे छप्पर जाते, त्याने कारण दिलेच पाहिजे. जिला जाताना स्वतःचेच छप्पर सोडायचे आहे, तिचे जाणे हेच पुरेसे कारण मानायला काय हरकत आहे? ती उगाच जात नसते.

गेल्या वर्षी खुलाचे एक प्रकरण आले. मुलगी शांत. नवराही सज्जन, निर्व्यसनी, हात उचलणारा नाही. तिच्या अब्बांनी घरी तिला आठ दिवस विचारले होते, “बेटी, कारण तर सांग. लोकांना काय सांगू?” बैठकीतही तिने तेच सांगितले, “ते वाईट नाहीत. पण मला नांदायचं नाही.” मुलाकडची मंडळी चिडली. काहीतरी दोष लिहा, नाहीतर आमच्या मुलाला उद्या कोण मुलगी देईल, असे त्यांचे म्हणणे. तिच्याकडचेही म्हणू लागले की, काहीतरी लिहाच, नाहीतर आमच्या मुलीत खोट आहे असे होईल. दोन्ही बाजूंना दोष हवा होता, फक्त दुसऱ्याचा. आमच्या छापील फॉर्मवर ‘कारण’ असा एक रकाना आहे. त्या रकान्यात काय लिहावे यावर रात्रीचे बारा वाजले. ‘स्वभाव’ लिहावा असे कुणी सुचवले. कुणाचा, असे आम्ही विचारले, तर उत्तर आले नाही. शेवटी मुलाच्या मामूंनी आमच्या हातातले पेन घेतले, रकान्यात आडवी रेघ ओढली, आणि मुलाला म्हणाले, “चल, बागेचं काय ते बोलून घेऊ.” मेहरमध्ये बाग नव्हती, पंचवीस हजार रुपये होते. ते हप्त्याहप्त्याने परत करायचे ठरले. मुलगी डी.एम.एल.टी. झालेली आहे, एका लॅबमध्ये नोकरी करते. पहिला हप्ता तिने स्वतः आणून दिला.